आंबा 'कापली'? मुंबईत मराठी वाक्यांवर ईईजी प्रयोग करायचा तर

'सुमनने सकाळी आंबा कापली.' मराठी वाचणारा इथे अडखळतो. तो अडखळला हे त्याच्या चेहऱ्यावर दिसण्याआधी डोक्याला लावलेल्या चकत्यांवर (इलेक्ट्रोडवर) दिसतं, आणि ते मोजता येतं. मोजायचं यंत्र, म्हणजे मेंदूतली वीज डोक्याच्या त्वचेवरून टिपणारं ईईजी, मुंबईत नवलाईचं राहिलेलं नाही. तरी मराठी वाक्यांवर असा प्रयोग उभा करायला भाषेचा माणूस, विजेचा माणूस, डॉक्टर आणि मेंदूविज्ञानाचा माणूस असे चौघं लागतात, आणि अवघड काम दुसऱ्याच्याच वाट्याला आलंय असं प्रत्येकाला वाटत असतं. माझ्या मते असे प्रयोग विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघडत नाहीत. ते वाक्यांच्या यादीत आणि केसांच्या तेलात बिघडतात. सॉफ्टवेअरमध्ये ते नुसतं उघडकीला येतं. म्हणून खाली याद्या आणि केस यांवर बरंच आहे, आणि आकडेशास्त्रावर थोडकंच.

आधी हिशेब. हान्स बर्गर यांनी जर्मनीत येना इथे १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून पहिला ईईजी घेतला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. (आपली विजेवरची पहिली लोकल व्हीटी ते कुर्ला धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ ला. मेंदूतली वीज आणि रुळावरची वीज जवळजवळ एकाच वयाच्या.) डोक्याच्या त्वचेवर मिळणारा सिग्नल दहापासून शंभरापर्यंत मायक्रोव्होल्टचा असतो. एका शब्दाला मेंदूने दिलेला प्रतिसाद मात्र जेमतेम काही मायक्रोव्होल्ट, तोही बाकीच्या गोंगाटात बुडालेला. तो वर काढायचा एकच मार्ग, एकाच प्रकारची खूप वाक्यं दाखवून सरासरी काढायची. गोंगाट वाक्यसंख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. गोंगाट २० मायक्रोव्होल्टचा धरला तर ४० वाक्यांच्या सरासरीत तो साधारण ३.२ उरतो. त्यातली १५ वाक्यं पापण्या मिटल्याने किंवा मान हलल्याने फेकावी लागली, की उरलेल्या २५ मध्ये तो ४ होतो. निम्मा करायचा असेल तर वाक्यं चौपट लागतात. हे गणित ज्याने आधी केलं नाही त्याने चकत्या बसवलेली टोपी खरेदी करायला जाऊ नये.

शोधायच्या खुणा दोन. वाक्याच्या अर्थात न बसणारा शब्द आला की साधारण ३०० ते ५०० मिलिसेकंदांत सिग्नल ऋण बाजूला झुकतो. हा एन४००. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिल्यार्ड यांनी तो १९८० साली दाखवला, गरम पावावर मोजे पसरल्याच्या इंग्रजी वाक्यांसारख्या वाक्यांतून. व्याकरणाचा मेळ चुकला की बऱ्याच भाषांत ६०० मिलिसेकंदांच्या आसपास धन बाजूचा उंचवटा दिसतो, तो पी६००. दोन्ही डोक्याच्या मध्य आणि मागच्या भागावर ठळक असतात.

मोजेवालं वाक्य मराठीत आणून काम भागवावं असा मोह होतो. ते जमत नाही. इंग्रजीत 'पसरलं' हे क्रियापद आधी येऊन गेलेलं असतं, त्यामुळे पावावर काय येणार याची अपेक्षा तयार असते. मराठीत 'त्याने गरम पावावर' इथपर्यंत आल्यावर पुढे लोणी येईल, जाम येईल, किंवा 'हात ठेवला' असंही येईल. क्रियापद अजून लांब असतं. म्हणजे 'मोजे' या शब्दावर तितका धक्का बसेलच असं नाही, तो पुढे क्रियापदावर सरकू शकतो. अर्थाचा प्रयोग करायचा असेल तर खटकणारा शब्द क्रियापदाच्या जागीच ठेवावा आणि त्याआधीचं अर्धं वाक्य किमान ३० जणांना देऊन रिकामी जागा भरून घ्यावी. 'आजीने देवापुढे दिवा' असं दिल्यावर जवळपास सगळे 'लावला' लिहीत असतील तरच ते वाक्य कामाचं.

मेळाचा प्रयोग मराठीत जास्त रंगतो, कारण आपल्याकडे तीन लिंगं आहेत आणि भूतकाळात कर्त्याला 'ने' लागला की क्रियापद कर्माचं ऐकतं. सुमनने आंबा कापला, सुरेशने काकडी कापली. वरवर पाहता 'ला'च्या जागी 'ली' टाकलं की चुकीचं वाक्य तयार. इथेच सगळ्यात जास्त खड्डे आहेत.

पहिला खड्डा नपुंसकलिंगाचा. छापील मराठीत 'कापले' हे नपुंसकलिंगी एकवचन असतं (कलिंगड कापले) आणि पुल्लिंगी अनेकवचनही असतं (आंबे कापले). बोलीत 'कापलं' म्हटलं की एकवचन निघून येतं, पण मग वाचणाऱ्याला लिहिलेली भाषा बोलीसारखी वाटते, आणि काहींना तेच खटकतं. 'ली'ही दुहेरी आहे. काकडी कापली हे स्त्रीलिंगी एकवचन, कलिंगडं कापली हे नपुंसकलिंगी अनेकवचन. शिवाय फणस, पेरू यांसारख्या पुल्लिंगी नामांचं एकवचन आणि अनेकवचन सारखंच दिसतं, त्यामुळे 'फणस कापले' ही चूक नाहीच. तोडगा असा: यादीत कर्म फक्त पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी एकवचनी, आणि क्रियापदाची रूपं फक्त 'ला' आणि 'ली'. तिसरं लिंग पुढच्या प्रयोगासाठी ठेवा.

दुसरा खड्डा क्रियापदांचा. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे, म्हणणे यांत भूतकाळातही क्रियापद कर्त्याच्याच मागे जातं. ती धडा शिकली, मी पाणी प्यायलो. अशी क्रियापदं यादीतून सरळ काढायची. प्रथम आणि द्वितीय पुरुषही नको. तिथे 'ने' दिसत नाही आणि 'खाल्लास'सारखं जादा शेपूट येतं.

तिसरा खड्डा या प्रयोगात सगळ्यात फसवा. 'सुमनने आंबा कापली' यात 'कापली' आंब्याशी जुळत नाही, पण सुमनशी जुळतं! 'सुरेशने आंबा कापली' मध्ये ते कुणाशीच जुळत नाही. या दोन वेगळ्या चुका आहेत आणि मेंदू त्यांना सारखं उत्तर देईल असं गृहीत धरायला काही आधार नाही. कर्त्याचं लिंग आणि कर्माचं लिंग यांच्या चारही जोड्या सारख्या संख्येने घ्या. नाहीतर शेवटी जो फरक दिसेल तो मेळाचा की सुमनचा हे कुणीच सांगू शकणार नाही. निम्मी कर्मं पुल्लिंगी आणि निम्मी स्त्रीलिंगी ठेवल्याने आणखी एक फायदा होतो. 'ली' दिसलं की चूक, असा ठोकताळा वाचणाऱ्याला बसवता येत नाही.

मग शब्दांची निवड. वेळ, बाग, ढेकर, तंबाखू ही नामं दोन्ही लिंगांत चालतात, ती बाद. मुंबईत आणखी एक चाळणी लागते ती हिंदीची. आवाज आणि विजय मराठीत पुल्लिंगी आहेत, हिंदीत स्त्रीलिंगी. दिवसभर दोन्ही भाषा बोलणाऱ्या माणसाला 'आवाज ऐकली' कमी खटकेल. असे शब्द हवे असतील तर मुद्दाम, वेगळा गट म्हणून घ्यावेत. नकळत मिसळले की यादी नासली. कर्माआधी विशेषण लावायचं असेल तर न बदलणारं लावा. 'पिकलेला आंबा' म्हटलं की लिंग आधीच फुटतं, 'हापूस आंबा' म्हटलं तर नाही.

वाक्य क्रियापदावर संपवू नका. शेवटच्या शब्दावर वाचणारा सगळ्या वाक्याची गोळाबेरीज करत असतो आणि तो परिणाम आपल्या खुणेत मिसळतो. 'सुमनने सकाळी आंबा कापला तेव्हा पाऊस पडत होता' हा साचा चांगला. पुढचा 'तेव्हा' बरोबर आणि चूक दोन्ही वाक्यांत तोच राहतो. ते महत्त्वाचं, कारण पी६०० मोजायच्या वेळी पडद्यावर तोच शब्द आलेला असतो.

सुरुवात १२० वाक्यांच्या जोड्यांनी करा, म्हणजे छाननीनंतर ८० हाती लागतील. छाननी प्रयोगात नसणाऱ्या २०-३० जणांकडून, १ ते ७ गुणांत. 'बरोबर' म्हणून लिहिलेल्या वाक्याला सरासरी ५ सुद्धा मिळाले नाहीत तर त्याचं समर्थन करत बसू नये, ते काढावं. गुण देणारे सगळे मराठी विभागातले विद्यार्थी नकोत. गिरगाव, लालबाग, डोंबिवली इथली माणसं हवीत, घरी मालवणी किंवा आगरी बोलणारीही. ८० जोड्यांच्या दोन याद्या करायच्या, अशा की एका माणसाला एका जोडीतलं एकच रूप दिसेल. म्हणजे प्रत्येकाला ४० बरोबर, ४० चुकीची, आणि वर ८० भरतीची निर्दोष वाक्यं. एकूण १६०, त्यात चूक चौथा हिस्सा. यापेक्षा चुका वाढल्या की माणूस वाचायचं सोडून चुका पकडायला लागतो.

आता लिपी. प्रयोगाची बरीच सॉफ्टवेअरं देवनागरी नीट मांडत नाहीत. पहिली वेलांटी अक्षरानंतर येते, जोडाक्षर तुटून हलन्त उघडा पडतो. यावर भांडत बसण्यापेक्षा प्रत्येक शब्दाचं आधीच चित्र करून घ्यावं. ब्राउझरमधून किंवा हार्फबझवर (अक्षरं नीट जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने हजार-बाराशे चित्रं काही मिनिटांत होतात. पण चित्रं मधोमध बसवताना फसगत होते. रफार, मात्रा वर जातात, उकार खाली जातो, त्यामुळे चौकटीचा मध्य धरला तर प्रत्येक शब्दाला शिरोरेषा वरखाली उडते आणि तिच्यामागे डोळे उडतात. सगळ्या चित्रांत शिरोरेषा एकाच पिक्सेल-ओळीवर ठेवा. फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना ते बघा. मराठी वर्णमालेबद्दलच्या २००९ च्या शासन निर्णयात ती वळणं दिलेली आहेत, पण पुष्कळ फॉन्ट हिंदी वळण दाखवतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हा फरक फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना पुसला जाऊ शकतो. शिवाय 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो, म्हणून शब्दांची वारंवारता मोजताना एकच शब्द दोनदा धरला जातो. मोजण्याआधी सगळा मजकूर एका साच्यात आणून घ्यावा.

एकेक शब्द पडद्याच्या मध्यावर दाखवायचा. इंग्रजीत ३०० मिलिसेकंद शब्द आणि २०० कोरा पडदा ही पद्धत रुळलेली आहे. आपले शब्द विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं पोटात घेऊन लांबतात, म्हणून ४०० अधिक २०० ठेवावं. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ते २४ आणि १२ चौकटींत नेमकं बसतं. ७० सेंटीमीटरवरून पाहताना शब्दाची रुंदी ६ सेंटीमीटरच्या आत हवी, म्हणजे साधारण ५ अंश. त्यापुढे डोळे आडवे फिरू लागतात. आठ शब्दांचं वाक्य ४.८ सेकंद, आधी अर्धा सेकंद फुली, नंतर पापण्या मिटायला २ सेकंद. १६० वाक्यं साडेएकोणीस मिनिटांत होतात. दर चार वाक्यांमागे एक सोपा प्रश्न आणि तीन विश्रांती धरल्या तर अर्धा तास. टोपी चढवायला त्याहून जास्त वेळ जातो.

माणसं मिळवण्याआधी एथिक्स कमिटी. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत ७ ते १५ सभासद असतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. भाषा विभागाकडे स्वतःची समिती बहुधा नसते. अशा वेळी दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे करार करून जाता येतं, पण त्या कराराला वेळ लागतो. वाक्यांची छाननी सुरू करतानाच अर्ज टाकावा. छाननी करणारी माणसंही अभ्यासातली सहभागीच असतात, हे विसरून पुष्कळ अर्ज परत येतात.

संमतीपत्र इंग्रजीतून शब्दशः उतरवलेलं नको. 'मेंदूची तपासणी' हा शब्द टाळा. तपासणी म्हटलं की रिपोर्ट आला, आणि 'माझं काही निघालं का हो?' हा प्रश्न आलाच. 'मोजमाप' म्हणावं आणि रोगनिदान होणार नाही हे पहिल्याच परिच्छेदात सांगावं. शॉक बसेल ही भीती जवळपास सगळ्यांना असते. 'यंत्र डोक्यात वीज सोडत नाही, डोक्यावरची मोजतं' एवढं एक वाक्य पुरतं. फिट किंवा आकडी येते का हे विचारावं लागतं, पण सोबत आलेल्या माणसापुढे कधीही नाही. आलेखात काही संशयास्पद दिसलंच तर ते कोणता न्यूरॉलॉजिस्ट बघणार आणि सहभागीला कोण सांगणार, हे अर्जातच लिहून ठेवा. मानधन यूपीआयने दिलं की नाव आणि मोबाइल क्रमांक बँकेच्या नोंदीत राहतात. मानधनाची नोंदवही आणि ईईजीच्या फाइली यांत सहभागीचा क्रमांकसुद्धा एक नको.

डावखुरेपणाची प्रश्नावली हा माझा आवडता नमुना. सगळीकडे वापरली जाते ती एडिंबरा प्रश्नावली, १९७१ ची. तिच्यात विचारलंय की झाडू मारताना वरचा हात कोणता. आपली केरसुणी एका हातात मावते, वरचा हात कुठून आणायचा? सुरी कोणत्या हातात धरता, असंही विचारलंय. ज्या घरात विळी आहे तिथे पातं पायाखाली स्थिर असतं आणि भाजी दोन्ही हातांत. चमच्याचा प्रश्नही फसवा, कारण डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने जेवायला लावणारी घरं अजून कमी नाहीत. फेकणं, कात्री, दात घासणं, काडी ओढणं एवढे प्रश्न ठेवावेत, जोडीला 'लहानपणी हात बदलायला लावला होता का' हा एक घालावा. भाषेच्या माहितीत 'मातृभाषा मराठी' एवढं पुरत नाही. दहावीपर्यंतचं माध्यम, आणि हल्ली देवनागरी किती वाचता, हे विचारा. घरी अस्सल मराठी बोलणाऱ्या पण इंग्रजी माध्यमात शिकलेल्या वाचकाला ६०० मिलिसेकंदांत 'विद्यार्थ्यांसाठी' वाचून होईलच असं नाही.

आता केस. सहभागीला आदल्या दिवशी मेसेज जातो, 'उद्या शाम्पूने केस धुवून, पूर्ण वाळवून या. तेल, कंडिशनर, जेल लावू नका.' तरीही खोबरेल लावून येणारे येतातच, कारण बाहेर जायचं तर केस चापूनचोपून हवेत. तेल विजेला अडवतं. इम्पिडन्स, म्हणजे चकती आणि त्वचा यांच्यामध्ये विजेला होणारा अडथळा, खाली येत नाही, मग चकतीखालचं वीज वाहणारं जेल जास्त घातलं जातं, आणि जेल तेलावरून घसरत शेजारच्या चकतीपर्यंत पोचतं. दोन चकत्यांमध्ये असा पूल झाला की दोन्हींचा इम्पिडन्स छान कमी दिसतो! आकडा बघून खूश झालेला माणूस इथेच फसतो. ओळखायची युक्ती सोपी. शेजारच्या दोन वाहिन्या (प्रत्येक चकतीची एक) एकमेकींतून वजा करा. रेघ सपाट आली तर पूल आहे. पावसाळ्यात ओल्या केसांनी हेच होतं, तेलाविना. म्हणून प्रयोगशाळेत बेसिन, शाम्पू आणि ड्रायर हवेतच, आणि लोकलच्या गर्दीतून आलेल्या माणसाला एसीत पंधरा मिनिटं नुसतं बसवायचं. घामाने सिग्नल सेकंदासेकंदांच्या मंद लाटांवर हेलकावे खातो आणि ते हेलकावे गाळून टाकणं धोक्याचं आहे, त्याबद्दल खाली.

डोकं मोजताना दोन खुणा लागतात, नाकाच्या मुळाशी असलेला खळगा आणि मागे कवटीचा उंचवटा. त्यांतलं अंतर ३६ सेंटीमीटर निघालं तर सीझेड ही मधली जागा १८ वर, एफपीझेड पुढून ३.६ वर. याच दहा टक्के-वीस टक्क्यांच्या हिशेबावरून पद्धतीचं नाव १०-२० पडलं. टोपी डोक्याच्या घेराप्रमाणे, बहुधा ५४, ५६ किंवा ५८ सेंटीमीटरची. अंबाडा सोडायला सांगा. लांब केसांचा मानेजवळून दोन्ही बाजूंना विभागून सैल शेपटा घाला, म्हणजे मागच्या चकत्या टेकतात. टिकली कपाळावरच्या चकतीच्या आड आली तर काढायला सांगावी लागते. विचारून काढावी, आणि टिकल्यांचं एक पाकीट खणात असावं. डोक्यावर ओढणी किंवा पगडी असेल तर बंद खोली आणि त्या व्यक्तीला चालेल असा मदतनीस.

जेल भरताना क्रम महत्त्वाचा. आधी ग्राउंड आणि रेफरन्स (जिच्याशी तुलना करून बाकी सगळ्या मोजल्या जातात ती चकती). रेफरन्स कच्चा राहिला तर सगळ्या वाहिन्या एकदम बिघडतात आणि नवशिका एकेक चकती दुरुस्त करत तासभर घालवतो. मग डोळ्यांजवळच्या, मग पीझेडच्या (डोक्याच्या मागच्या भागातल्या मधल्या जागेच्या) आसपासच्या, बाकी नंतर. बोथट सुईच्या टोकाने केस बाजूला सारायचे, दोन-तीन हलके वळसे द्यायचे, सुई वर उचलत थोडंसं जेल सोडायचं. खरचटून रक्त दिसता कामा नये. सुई एकाच माणसासाठी. जुन्या पद्धतीच्या चकत्यांना ५ किलोओमच्या खाली आणावं लागतं, अॅक्टिव्ह (आतच छोटा अॅम्प्लिफायर असलेल्या) चकत्यांना २०-२५ पर्यंत चालतं. शेवटची परीक्षा इम्पिडन्सच्या आकड्यांशिवाय होते. सहभागीला दहा सेकंद डोळे मिटायला सांगा. मागच्या वाहिन्यांवर ८ ते १३ हर्ट्झची, बर्गरना दिसलेलीच, अल्फा लहर उठली पाहिजे. प्रयोग चालू असताना डोळे उघडे असूनही तीच लहर वाढू लागली तर माणूस पेंगतोय. दुपारी दोनची वेळ देऊच नका. सुपारी आणि च्युइंगम बाहेर, जबड्याचा स्नायू मेंदूपेक्षा कितीतरी मोठ्याने बोलतो.

वेळापत्रकाचं सांगायचं तर रविवारी मेगाब्लॉक, गणपतीचे दहा दिवस ढोलताशे. या दिवसांत नोंदी घेऊ नका.

विजेच्या बाजूने मुख्य शत्रू ५० हर्ट्झ, म्हणजे घरातल्या विजेचा गोंगाट. आधी मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांतलं व्होल्टेज बघा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियन आधी, सहभागी नंतर. अॅम्प्लिफायर आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवर चालवा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापत जातो, त्यातून १५०, २५० हर्ट्झचे तुकडेही येतात. पंखा बंदच ठेवा, एसी पुरे. विश्लेषणात ३० हर्ट्झच्या वरचं गाळायचंच आहे, मग ५० ची काळजी कशाला, असा युक्तिवाद ऐकू येतो. गोंगाटाने अॅम्प्लिफायर आपल्या कमाल मर्यादेला टेकला तर गाळायला काही उरत नाही, हे त्याचं उत्तर.

शब्द पडद्यावर नेमका कधी आला याची खूण संगणक ईईजीत टाकतो. ती खूण आणि पडद्यावरचा उजेड यांत अंतर असतं. ठरावीक २५ मिलिसेकंदांचं अंतर असेल तर वजा करता येतं, पण दर वेळी बदलणारं असेल तर सरासरी पसरट होते. नव्या लॅपटॉपना पॅरलल पोर्ट नसतो आणि काही यूएसबी अडॅप्टर हीच गडबड करतात. लॅमिंग्टन रोडवरून बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड (उजेड पडला की सिग्नल देणारा), १० किलोओमचा रेझिस्टर, शिल्ड केलेली वायर आणि काळी चिकटपट्टी आणा. पडद्याच्या कोपऱ्यात शब्दाबरोबर पांढरा चौकोन उमटवा, त्यावर डायोड चिकटवा आणि त्याचा सिग्नल अॅम्प्लिफायरच्या जादा वाहिनीत घ्या. घेण्याआधी तिथे किती व्होल्ट चालतात ते बघा, नाहीतर वाहिनी जाईल. २०० वेळा नोंद करून अंतरांचा पसारा मोजा. हे अर्ध्या दिवसाचं काम पहिल्या सहभागीच्या आधी व्हायला हवं.

विश्लेषणात एकच आग्रह. खालच्या बाजूची गाळणी ०.१ हर्ट्झला ठेवा. घामाच्या लाटा घालवायला ती १ हर्ट्झपर्यंत चढवली तर पी६०० सारख्या मंद लाटा चपट्या होतात आणि त्यांच्या अलीकडे खोटा ऋण खळगा तयार होतो, जो हुबेहूब एन४०० सारखा दिसतो. म्हणजे व्याकरणाच्या चुकीला अर्थाची चूक ठरवणारा शोधनिबंध एका बटणाने तयार! कोणत्या वेळेत, कोणत्या चकत्यांवर मोजणार हे नोंदी घेण्याआधी लिहून ठेवावं, आणि आकडेमोडीत माणसं आणि वाक्यं दोन्ही यादृच्छिक, म्हणजे मोठ्या समूहातून उचललेला नमुना, धरावीत. भाषेच्या माणसाला हे पटतं, कारण त्याने निवडलेली ८० वाक्यं म्हणजे मराठी नव्हे.

सत्र संपलं की टोपी लगेच कोमट पाण्यात. वाळलेलं जेल चकतीच्या खळग्यात दगड होतं. मऊ टूथब्रश, बेबी शाम्पू, वाहतं पाणी. ब्लीच किंवा घासायची पावडर लावली तर चांदीवरचा क्लोराइडचा थर जातो आणि पुढच्या नोंदी तरंगू लागतात. कनेक्टर भिजू द्यायचा नाही. जुलैत टोपी रात्रभरात वाळत नाही, म्हणून प्रत्येक मापाच्या दोन टोप्या लागतात. ड्रायर नको, पंख्याखाली, चकत्या वर करून.